ग्लॉक १९ घेण्याआधी: मालकांची मतं आणि ती स्वतःच्या हाताने पडताळायची रीत

ग्लॉक पिस्तूल वापरणाऱ्या मालकांना विचारलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, धुळीत पडलं, पावसात भिजलं, महिनोन्‌महिने तेलाचा थेंब दिसला नाही, तरी चालतंय. दुसरा म्हणतो, हातात विटेसारखं बसतं, गोळ्या खाली डावीकडे जातात आणि सेफ्टीचा खटकाच नाही. नवख्याला वाटतं, यातला एक जण चुकतोय. दोघंही खरं सांगत असतात. पिस्तूल तेच आहे, हात वेगळे आहेत. प्रत्येक मतामागे एखादा भाग, एखादा कोन किंवा एखादं बोट असतं. ते ओळखलं की ते मत आपल्याला लागू पडतं की नाही, हे नेमबाजीच्या रेंजवर तासाभरात कळतं.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिलं पिस्तूल घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी माणसांसाठी आहे. भारतात ९ मिलिमीटरचं हे काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या आतल्या मापात) मोडतं, त्यामुळे तिथल्या साध्या शस्त्र परवान्यावर ग्लॉक १९ मिळत नाही.

आधी व्हिसा, मग पिस्तूल

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांपैकी कोणत्याही व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. ‘बाळगणं’ हा शब्द इथे फार रुंद आहे. मित्राच्या पिस्तुलाने रेंजवर दोन गोळ्या झाडणं किंवा भाड्याचं पिस्तूल तासभर हातात घेणं हेही त्यात येतं. मोजके अपवाद आहेत. त्यांतला सर्वसामान्यांच्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. कित्येक रेंजवर नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स बघून पिस्तूल हातात देतात, म्हणून लोकांना वाटतं की चालत असणार. चालत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि इमिग्रेशनची पुढची वाट बंद पडू शकते. ऑफिसातल्या टीमची सहल रेंजवर ठरली, तर व्हिसावरच्या माणसाने सरळ नाही म्हणावं.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक विकत घेऊ शकतात. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. दुकानात केंद्र सरकारचा फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि दुकानदार एफबीआयच्या किंवा राज्याच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो. इथे दोन गोष्टींवर हमखास अडतं. पहिली पत्त्याची. घर बदललं आणि लायसन्सवर जुना पत्ता राहिला, तर व्यवहार थांबतो. वाहन नोंदणीसारखा सरकारी कागद नव्या पत्त्याचा असेल तर तो सोबत न्यावा. दुसरी नावाची. सर्वसाधारण भारतीय नाव आणि आडनाव असेल तर दुसऱ्याच कुणाच्या नोंदीशी जुळून तपासणी लांबते. वारंवार असं होत असेल तर एफबीआयकडे स्वेच्छेने माहिती नोंदवून कायमचा ओळख क्रमांक घेता येतो. पुढच्या वेळी तो फॉर्मवर लिहायचा.

फॉर्मवरचा पहिलाच महत्त्वाचा प्रश्न असतो की पिस्तूल खरंच तुम्ही स्वतःसाठी घेताय का. दुसऱ्याने पैसे दिले आणि तुम्ही आपल्या नावावर घेतलं, तर तो गंभीर गुन्हा आहे, मग तो दुसरा सख्खा भाऊ का असेना.

राज्यागणिक नियम पार बदलतात. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी खरेदीचा वेगळा परवाना लागतो आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, १० गोळ्यांची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात राज्याच्या यादीत असलेलंच मॉडेल नवं मिळतं आणि वर्षानुवर्षं त्या यादीत ग्लॉकची तिसरी पिढीच होती. टेक्ससमध्ये खरेदीसाठी राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मालकाने ‘मला तर त्याच दिवशी मिळालं’ म्हटलं, तरी ते तुमच्या कामाचं नाही. आपल्या राज्याचा आजचा नियम पाहूनच दुकानाची पायरी चढावी.

आकडे आणि पिढ्या

गॅस्टन ग्लॉक यांची कंपनी ऑस्ट्रियातली. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ स्वीकारलं, तेव्हा प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल सैन्यात टिकेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. पुढे २०१३ मध्ये ब्रिटिश सैन्याने ते घेतलं आणि २०१६ मध्ये एफबीआयनेही ग्लॉकच निवडलं. मालक ‘भरवसा’ म्हणतात त्यामागे ही वापराची चाळीसेक वर्षं आहेत.

मॉडेलचा आकडा आकार सांगत नाही, गोळ्यांची संख्याही सांगत नाही. १७ हे पूर्ण आकाराचं. १९ त्याहून थोडं आखूड, नळी १०२ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. २६ हे मुठीत मावणारं, १० गोळ्यांचं. ४३एक्स आणि ४८ ही सडपातळ, एका रांगेत गोळ्या बसणारी. ४४ हे .२२ बोअरचं, आकाराने थेट १९ सारखं. १७ चं मॅगझिन १९ मध्ये बसतं, पण १९ चं १७ मध्ये पुरत नाही. पहिलं पिस्तूल म्हणून बहुतेक अनुभवी मालक १९ सुचवतात ते याच मधल्या मापामुळे. घरात ठेवायला मोठं नाही, शिकायला फार लहान नाही. हा सल्ला रास्त आहे. लहान पिस्तूल हलकं असतं, म्हणून नवख्याला सोपं वाटतं, पण हलक्या पिस्तुलाचा धक्का जास्त बसतो आणि शिकणं लांबतं.

पिढ्यांचा फरक मुठीत कळतो. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत मुठीच्या पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा आहेत. आपली बोटं त्या खाचांच्या मापाची नसतील, तर उंचवटा नेमका बोटाखाली येतो. २०१७ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीत त्या काढून टाकल्या. चौथ्या पिढीपासून मुठीचा मागचा भाग बदलता येतो आणि मॅगझिन सोडायचं बटण डावखुऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूला बसवता येतं. डावखुऱ्याने पाचवीच घ्यावी, कारण तीत स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) सोडायचा खटका दोन्ही बाजूंना आहे. जुनं चौथ्या पिढीचं घेत असाल, तर २०११ मध्ये कंपनीने सुरुवातीच्या पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंगा (स्लाइडला परत पुढे ढकलणाऱ्या) फुकट बदलून दिल्या होत्या हे लक्षात ठेवा. सीरियल नंबर देऊन कंपनीला विचारलं की ते पिस्तूल त्यांतलं आहे का, हे कळतं.

दुकानाच्या काउंटरवर

दुकानदाराने मॅगझिन काढून, स्लाइड मागे अडकवून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) रिकामं दाखवूनच पिस्तूल हातात द्यायला हवं. दिलं नाही तर मागा. हातात आल्यावर पुन्हा स्वतः बघा. कुणालाही यात अपमान वाटत नाही. उलट न बघणाऱ्याकडे लोक वळून पाहतात.

आता मूठ पकडा. अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी मुठीच्या अगदी वरच्या टोकाला, स्लाइडखालच्या वळणात घट्ट बसली पाहिजे. नळी आणि कोपर एका रेषेत हवेत. या अवस्थेत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरच्या मध्यावर सहज पोचतो का? पोचण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर पिस्तूल तुमच्या हाताला मोठं आहे. अशा वेळी मागचा जादा भाग काढायला सांगा. तरी नाही जमलं तर ४३एक्स किंवा ४८ हातात घ्या.

मग डोळे मिटा, समोरच्या भिंतीवरच्या एका ठिकाणी पिस्तूल रोखा (दिशा दुकानदाराला विचारून) आणि डोळे उघडा. पुढची साइट (नळीच्या टोकाजवळचा नेम धरायचा उंचवटा) मागच्या खाचेच्या वर डोकावत असेल, तर तुम्हाला ‘ग्लॉकचा कोन’ लागू आहे. ग्लॉकची मूठ ‘१९११’ नावाच्या जुन्या पद्धतीच्या पिस्तुलापेक्षा जास्त तिरकी असते. ज्यांनी आधी दुसरी पिस्तुलं वापरली त्यांचं नाक, म्हणजे नळीचं टोक, ग्लॉकमध्ये वर राहतं. ही तक्रार त्यांचीच असते. पहिल्यांदाच पिस्तूल धरणाऱ्याला हा कोन दोन-तीन सत्रांत सवयीचा होतो, म्हणून नवख्याने या तक्रारीला फार वजन देऊ नये.

स्लाइड ओढून बघणं मात्र टाळू नका. स्प्रिंग कडक असते. चिमटीने ओढू नका. डावा तळवा स्लाइडच्या मागच्या खाचांवर वरून पालथा ठेवा, चार बोटांनी घट्ट दाबा, आणि डाव्या हाताने मागे ओढताना उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. ज्यांना वाटतं मनगटात जोर नाही, त्यांतल्या बहुतेकांना या पद्धतीने जमतं. सांधेदुखी असेल आणि तरीही जमत नसेल, तर .२२ चं ४४ हातात घ्या. त्याची स्लाइड फार हलकी आहे.

रेंजवर पहिला तास

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन १०० गोळ्या झाडा. आधी एखादा प्रशिक्षक घेतला तर सोन्याहून पिवळं. गोळ्या ११५ किंवा १२४ ग्रेनच्या, तांब्याचं आवरण असलेल्या, कारखान्यात भरलेल्या असाव्यात. ग्रेन हे बुलेटचं वजन, ११५ ग्रेन म्हणजे साडेसात ग्रॅम. आवरण नसलेल्या नुसत्या शिशाच्या गोळ्या ग्लॉकमध्ये वापरू नयेत, असं कंपनीच सांगते. नळीत शिशाचा थर बसत जातो आणि दाब वाढतो. ओळखीच्याने घरी भरलेली काडतुसं ‘स्वस्तात देतो’ म्हणाला, तर आभार मानून परत करा.

बंद रेंजवर कानात बोळे आणि वर इअरमफ असं दुहेरी संरक्षण घ्या. चष्मा हवाच. गळाबंद टी-शर्ट घाला. रिकामं झालेलं गरम पितळी केस उजवीकडे उडतं, बाजूच्या भिंतीवर आपटतं आणि उघड्या गळ्यातून आत शिरतं. चटका बसताच माणूस पिस्तूल हातात असताना उडी मारतो, आणि खरा धोका त्या उडीत असतो. असं झालंच तर आधी बोट ट्रिगरवरून काढा, नळी समोर ठेवा, पिस्तूल खाली ठेवा, मग कपडे झटका.

लक्ष्य ५ यार्डांवर लावा. मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या भरा. नव्या मॅगझिनची स्प्रिंग इतकी कडक असते की पंधरावी गोळी अंगठ्याने बसत नाही. १४ भरल्या तरी काही बिघडत नाही, आणि गोळ्या भरायचं साधन घेतलं तर अंगठा वाचतो.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे जातात. लोक साइट बदलतात, ट्रिगर बदलतात, शेवटी पिस्तूलच विकतात. कारण बहुधा बोटांत असतं. ग्लॉकचा ट्रिगर सुमारे अडीच किलोचा आहे आणि तो आधी मोकळा जातो, मग एका जागी अडतो. मालक त्याला ‘भिंत’ म्हणतात. भिंतीशी आल्यावर नवखा तर्जनीबरोबर उरलेली तीन बोटंही आवळतो, शिवाय धक्का येणार म्हणून मनगट किंचित खाली ढकलतो. ग्लॉकचं वजन गोळ्यांशिवाय पाऊण किलोही नाही, त्यामुळे ही हालचाल जड पिस्तुलापेक्षा जास्त दिसते. पडताळायची रीत सोपी आहे. सोबत्याला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये दोन-तीन नकली काडतुसं मिसळायला सांगा. नकली आलं की नुसता ‘टक्’ आवाज होईल. त्या क्षणी नळीचं टोक खाली डुबकी मारताना तुम्हालाच दिसेल.

उपायही त्यातच आहे. डाव्या हाताने जास्त आवळा, उजव्याने कमी. ट्रिगर भिंतीपर्यंत आणा, थांबा, मग सरळ मागे दाबत जा. गोळी सुटल्यावर ट्रिगर दाबलेलाच ठेवा, नंतर हळूच सोडा. ‘टिक्’ असा बारीक धक्का बोटाला लागतो, तो रिसेट. ग्लॉकचा रिसेट स्पष्ट आहे, आणि सगळे मालक एकमताने ज्याचं कौतुक करतात अशा मोजक्या गोष्टींत तो येतो.

पिस्तूल अडलं तर बहुतेकदा तीनपैकी एक कारण असतं. मनगट ढिलं असेल तर सांगाडा स्लाइडबरोबर मागे जातो, स्लाइडला पूर्ण मागे जाण्याइतका जोर मिळत नाही आणि रिकामं केस उभं अडकतं. मॅगझिन नीट बसलं नसेल तर पहिल्या गोळीनंतर क्लिक होतं, गोळी नाही. आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकलीच नाही, तर तुमचा अंगठा खटक्यावर टेकलाय. ही तिसरी गोष्ट ग्लॉकवाल्यांत इतकी सर्रास आहे की पिस्तूल दुरुस्तीला टाकण्याआधी अंगठ्याकडे बघा. आवाज नेहमीपेक्षा दबका, ‘फुस्’ असा आला तर मात्र थांबा. पुढची गोळी झाडू नका. आधीची बुलेट नळीत अडकलेली असू शकते. नळी समोर ठेवून रेंजच्या माणसाला बोलवा.

सेफ्टीचा वाद

ग्लॉकमध्ये तीन सेफ्टी आहेत आणि तिन्ही आतल्या आत, आपोआप चालतात. ट्रिगरच्या मध्यावरची पातळ पट्टी दाबली गेल्याशिवाय ट्रिगर हलत नाही. फायरिंग पिनसमोर (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सळईसमोर) एक खिळा आडवा असतो, तो ट्रिगर मागे आल्यावरच वर सरकतो. आणि ट्रिगर बारचं, म्हणजे ट्रिगरला जोडलेल्या आतल्या पट्टीचं, मागचं टोक एका खाचेत असं टेकलेलं असतं की पिस्तूल पडलं तरी ते पिनेवरून घसरत नाही. म्हणून हातातून पडून गोळी सुटण्याची भीती फार बाळगू नये. पण ट्रिगर दाबला गेला तर तिन्ही सेफ्टी एकापाठोपाठ एक उघडतात. मग तो बोटाने दाबला, जॅकेटच्या नाडीने दाबला की शर्टाच्या टोकाने, याच्याशी पिस्तुलाला कर्तव्य नाही.

म्हणून ‘सेफ्टी नाही’ म्हणणारा आणि ‘बोट हीच सेफ्टी’ म्हणणारा, दोघांशीही इथे पूर्ण सहमत होता येत नाही. बोट शिस्तीत असूनही पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना नाडी आत गेली तर गोळी सुटते. उपाय होल्स्टरमध्ये आहे. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकणारा, कडक प्लॅस्टिकचा, नेमका त्याच मॉडेलसाठी बनवलेला होल्स्टर घ्या. ‘सगळ्यांना बसेल’ अशी कापडी पिशवी घेऊ नका. झिजलेल्या मऊ चामड्याची कडा आत दुमडते, तीही नको. पिस्तूल आत ठेवताना शर्ट वर धरा, डोळ्यांनी बघा, हळू ठेवा. घाईने काढायचा सराव ठीक आहे, घाईने ठेवायचं काही कारण नसतं. हे सगळं ऐकूनही मनाला खटका हवाच वाटत असेल, तर त्यात कमीपणा नाही. अंगठ्याची सेफ्टी असलेली पिस्तुलं इतर कंपन्या विकतात, ती घ्या. ज्या शस्त्राची धास्ती वाटते त्याचा सराव माणूस करत नाही.

उघडणं आणि साफ करणं

या भागात घाई नको. ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो, आणि मालकांकडून चुकून सुटणाऱ्या गोळ्यांतल्या बऱ्याच याच क्षणी सुटतात. इतर काही कंपन्यांच्या पिस्तुलांत हे दाबणं लागत नाही. ग्लॉकवरचा हा आक्षेप खराच आहे.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. नळी अशा दिशेला करा जिथे गोळी गेली तरी अडेल. पुस्तकांनी गच्च भरलेलं खोकं चालतं, प्लॅस्टरबोर्डची भिंत अजिबात चालत नाही. आता मॅगझिन काढा. मॅगझिन आधी, स्लाइड नंतर, हा क्रम जिवाचा आहे. स्लाइड आधी ओढली तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये शिरते. मग मॅगझिन काढलं जातं, हातात रिकामं वाटणारं पिस्तूल राहतं आणि आत एक गोळी असते. मॅगझिन काढल्यावर स्लाइड दोन-तीनदा ओढा, मागे अडकवा, चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपा. डोळ्याला सवयीने रिकामंच दिसतं, बोटाला खरं कळतं.

स्लाइड पुढे जाऊ द्या. सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबा, टक् होईल. चार बोटं स्लाइडवर आणि अंगठा मुठीमागे अशी पकड घेऊन स्लाइड जेमतेम ३ मिलिमीटर मागे ओढा. जास्त ओढली तर ट्रिगर पुन्हा पुढे येईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. नवखे अडतात ते इथेच. दुसऱ्या हाताने ट्रिगरच्या वर दोन्ही बाजूंना असलेली बारीक पट्टी एकदम खाली ओढा आणि स्लाइड पुढे सोडा. ती सांगाड्यावरून सरकून हातात येते. आतली स्प्रिंग दाबून उचला, मग नळी काढा. स्लाइड, नळी, स्प्रिंग, सांगाडा, एवढेच चार भाग. याहून पुढे उघडायची नवख्याला गरज नाही.

नळीत ब्रश चेंबरच्या बाजूने घाला. जुन्या दात घासायच्या ब्रशने स्लाइडचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामं केस बाहेर ओढणारा) आकडा घासा, तिथे काजळी साठते. नव्या पिस्तुलात स्लाइडच्या आत तांबूस ग्रीस दिसतं. ते कंपनीने लावलेलं असतं, पुसू नका.

तेलाचं माप पाच-सहा थेंब, बस. नळीच्या वरच्या चौकोनी भागावर एक, बोटाने पसरवून. स्लाइड नळीला घासते त्या आतल्या जागी एक. स्लाइडच्या दोन्ही खोबणींत प्रत्येकी एक. आणि सगळ्यात महत्त्वाचा थेंब सांगाड्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ट्रिगर बार कनेक्टरच्या धातूच्या पट्टीला घासतो. ट्रिगर खरखरीत लागतो अशी तक्रार करणाऱ्यांच्या पिस्तुलात हा कोपरा बरेचदा कोरडा असतो. फायरिंग पिनच्या भोकात मात्र तेल घालू नका. तेल आणि काजळीचा चिकटा होतो, पिन मंदावते आणि गोळी पेटत नाही. ‘ग्लॉक तेलाशिवाय चालतं’ हे मत अर्धंच खरं आहे. कमी तेलात चालतं, पण जास्त तेलात मात्र अडतं.

जोडताना स्प्रिंगचं मागचं गोल टोक नळीखालच्या अर्धचंद्राकार खाचेत बसलंय का बघा. वर किंवा खाली टेकलं तर स्लाइड अर्ध्यात अडते. जोडून झाल्यावर स्लाइड ओढा, सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबा, टक् आला पाहिजे. ट्रिगर दाबलेलाच ठेवून स्लाइड पुन्हा ओढा, मग ट्रिगर हळू सोडा, रिसेटचा टिक् आला पाहिजे. शेवटी मधली पट्टी न दाबता ट्रिगरची नुसती कड दाबून बघा. ट्रिगर हलता कामा नये.

शेवटी हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. रेंजवर घातलेले कपडे वेगळे धुवा. गोळ्यांतल्या शिशाची धूळ कपड्यांवर असते, लहान मुलांसाठी ती वाईट.

काय बदलावं, काय नाही

मूळच्या प्लॅस्टिकच्या साइटना नावं ठेवणारे बरोबर आहेत. पांढरा ठिपका आणि इंग्रजी यू-आकाराची चौकट दिसायला सोपी, पण झिजते. पोलादी साइट हा पहिल्या वर्षातला एकमेव सार्थ खर्च. पुढची साइट काढायला पातळ भिंतीचा ३/१६ इंची पाना लागतो, मागचीसाठी दुकानात जा. हातोडीने ठोकू नका. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लावायचा विचार असेल तर सुरुवातीलाच एमओएस लिहिलेलं, म्हणजे ती बसवायची सोय असलेलं मॉडेल घ्या.

ट्रिगर हलका करायचे सुटे भाग वर्षभर तरी घेऊ नका. मॅगझिन कंपनीचीच वापरा. रिकॉइल स्प्रिंग साधारण ५,००० गोळ्यांनंतर बदलावी, ती स्वस्त आहे. आणि पिस्तूल सलग गोळ्या झाडणारं करणारा एक बारीक सुटा भाग परदेशातून मागवता येतो असं कुणी सांगितलं, तर लक्षात घ्या की तो नुसता जवळ असणंही केंद्रीय गुन्हा आहे.

घरात भरलेलं पिस्तूल ठेवणारे रोज तीच गोळी चेंबरमध्ये घालतात आणि काढतात. असं वारंवार केलं की बुलेट केसमध्ये आत सरकते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. ती गोळी दुसऱ्या नव्या गोळीशेजारी उभी करून बघा. बुटकी दिसली तर बाजूला काढा.

घर, पाहुणे आणि भारताचं विमान

डब्यात केबलचं कुलूप मिळतं. ते आहे तेवढं लावा, पण त्यावर भागवू नका. बटणांच्या कोडने उघडणारी पोलादी पेटी घ्या आणि ती जमिनीला किंवा कपाटाला बोल्टने आवळा. उशीखाली, कपाटावर, देवघरामागे ठेवलेलं पिस्तूल मुलांना सापडतं. आई-वडील भारतातून सहा महिने राहायला येतात तेव्हा आवराआवर करताना त्यांच्या हाती लागतं. त्यांना स्पष्ट सांगा की घरात शस्त्र आहे, कुलपात आहे, आणि ती पेटी हलवायची नाही. नवरा नागरिक आणि बायको एच-१बी वर असेल, किंवा उलट, तर कोड फक्त नागरिकाकडे हवा. अशा घरात आधी वकिलाला विचारूनच घ्या.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कुणी खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, संसार मोडत असेल, तर पिस्तूल काही काळ घराबाहेर ठेवा. कित्येक दुकानं आणि रेंज ते सांभाळायला घेतात, राज्याचा नियम विचारून घ्या. ९८८ हा मदतीचा नंबर घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

राहिली बॅग. रेंजवर नेलेली पाठपिशवी पुढे भारताच्या प्रवासात वापरली जाते, आणि अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसतं. भारतात विनापरवाना काडतूस सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. विसरलो होतो, हे पुढे कोर्टात सांगत बसावं लागतं आणि तोवर परतीचं विमान निघून जातं. रेंजसाठी एक वेगळी, भडक रंगाची पिशवी ठेवा आणि ती विमानतळावर कधीच नेऊ नका. आधीची पिशवी वापरली गेली असेल, तर निघायच्या आदल्या दिवशी तिचे सगळे कप्पे उलटे करा, टॉर्च मारा आणि तळाच्या शिवणीवरून बोट फिरवा.